साबणाच्या वासाचं दूध

शुक्रवारी मला अलार्मच्या आधीच जाग आली आणि जाग आल्याआल्या हसू आलं. परीक्षा माझ्या धाकट्या बहिणीची होती, पण झोप उडाली माझी. तीही भीतीने नव्हे, आनंदाने. धाकटी आज टॉवर क्रेनच्या लायसन्सची परीक्षा द्यायला चढणार होती आणि तिची साडेतीन महिन्यांची लेक अख्खा दिवस माझ्या ताब्यात राहणार होती. आजवर त्या पोरीला सलग अर्ध्या तासाच्या वर माझ्याकडे कुणी ठेवलेलं नाही. आज एकदम दहा तास. तिच्या गालाला टोचू नये म्हणून मी दाढी दोनदा केली.

ही परीक्षा सहा महिन्यांतून एकदाच होते. गेल्या वेळी धाकटीला सातवा महिना होता. साठ मीटरच्या शिडीच्या पायथ्याशी परीक्षकाने तिच्याकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं आणि पुढच्या वेळी या म्हणून सांगितलं. ती घरी आली, जेवली, भांडी घासली आणि मग बाथरूमचं दार लावून तासभर आत बसली. या वेळी हुकलं असतं तर बांधकामाच्या ऑफिसात बिलांवर शिक्के मारत बसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शिक्के मारायला काही वाईट नाही, पण जिला उंचावर बसून दोन टनांचा गर्डर खडूच्या चौकोनात अलगद ठेवता येतो, तिने शिक्के का मारावेत? असलं काही मनात आलं की माझं डोकं फिरतं.

आता माझ्याबद्दल. मी दूध प्रक्रिया केंद्रात टँकर तपासतो. टँकर फाटकातून आत आला की वर चढायचं, झाकण उघडायचं, वास घ्यायचा. यंत्रं नंतर. माझ्या नाकाने नाही म्हटलं की टँकर परत, मग ड्रायव्हरने डोकं आपटलं तरी. सतरा वर्षांत माझं नाक एकदाही चुकलेलं नाही. केंद्रात मला कुणी नावाने हाक मारत नाही, नाकवाले म्हणतात. रागही तिथेच असतो, शेंड्यावर. माझी पाळी संध्याकाळची, त्या दिवशी ती मी बदलून घेतली होती.

सात वाजता मी धाकटीच्या घरी पोचलो. मेहुणा लिफ्ट दुरुस्तीवाला, तो सहालाच कामावर गेला होता. धाकटी एका हाताने बूट बांधत होती, दुसऱ्या हातात साहेब होत्या. साहेब म्हणजे भाची. ती आल्यापासून घरात सगळे तिच्या हुकुमाने उठतात, बसतात, म्हणून मी तिला साहेब म्हणतो.

"दादा, आधी हात धू," धाकटी म्हणाली.

"मला सांगतेस? अगं, मी दुधातला माणूस आहे."

"दुधातल्या माणसा, हात धू."

मी कोपरापर्यंत धुतले. मग तिने फ्रिज उघडून दाखवला. सगळ्यात आत, मागच्या भिंतीला लागून, झाकणाच्या पाच डब्या. दारात एकही नाही, कारण दार सारखं उघडतं आणि तिथे गारवा टिकत नाही. एका डबीत आदल्या संध्याकाळचं ताजं दूध होतं. बाकीच्या चार फ्रीजरमधल्या, काल रात्री खाली काढून ठेवलेल्या, आता वितळलेल्या. प्रत्येकीवर तिच्या वळणदार अक्षरात वार लिहिलेला. तीन आठवडे मेहुणा रजा काढून लेकीला सांभाळत होता आणि ही बाई ट्रेनिंगच्या मधल्या सुट्टीत एका खोलीचं दार लावून अंगावरचं दूध काढायचा पंप घेऊन बसत होती. बाहेर बाकीचे चहा पीत, आणि ही थेंब थेंब जमवत. त्या डब्या बघून मला गलबलून आलं, पण मी खाकरून वेळ मारून नेली.

"वितळलेलं आजच संपवायचं," ती म्हणाली. "परत फ्रीजरमध्ये टाकायचं नाही. गरम करायचं ते गरम पाण्याच्या वाडग्यात डबी ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. आणि पिऊन उरलं तर ओतून द्यायचं."

"झालं? का लेखी परीक्षा घेतेस माझी?"

"दादा, ऐक." तिने साहेबांना माझ्या हातात दिलं. "काही गडबड झाली तर सुपरवायझरला फोन कर. मी खाली उतरेन. परीक्षा गेली उडत."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला खात्री पटली, ही खरंच उतरेल. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती आणि मी एकोणीस. हिच्या वेण्या मी घातल्यात, वाकड्यातिकड्या. हिची जीभ खोटं बोलेल, चेहरा नाही बोलणार. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी हिला फोन करायचा नाही.

ती गेली आणि मी कामाला लागलो. खरं सांगतो, मला इतका उत्साह आला होता की मी गाणं म्हणत होतो. बाटल्या सुट्या केल्या: बाटली वेगळी, रिंग वेगळी, चोखायचं बूच वेगळं. गरम पाणी, साबण, ब्रशने आतला प्रत्येक कोपरा. बुचाचं भोक उलटं करून पाण्याने दाबून बघितलं. मग वाहत्या पाण्यात खळखळून विसळलं, कारण आधी स्वच्छ आणि मग निर्जंतुक, हे केंद्रातलं पोरसुद्धा सांगेल. मळक्या भांड्याला कितीही उकळा, उपयोग शून्य. मोठ्या पातेल्यात सगळं बुडवलं, आत हवेचा बुडबुडा अडकला नाही ना ते चिमट्याने हलवून बघितलं, आणि उकळी फुटल्यावर दहा मिनिटं घड्याळ लावलं. मग चिमट्यानेच काढून धुतलेल्या कोरड्या फडक्यावर उलटं ठेवलं. पुसलं नाही. पुसणारे लोक मला आवडत नाहीत. एवढं उकळायचं आणि वर फडक्याचे जंतू चोळायचे.

साडेनऊला साहेबांनी पहिली आरोळी दिली. ताजी डबी काढली, कोमट केली, मनगटावर दोन थेंब टाकून बघितले आणि बाटली तोंडाशी नेली.  साहेबांनी बुचाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओढलं. गटागट. बाटली रिकामी झाल्यावर खांद्यावर असा दणदणीत ढेकर दिला की मी एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो. मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो लिफ्टच्या खड्ड्यातून ओरडला, "शाबास दाजी." खरं तर दाजी तो माझा, मी त्याचा नव्हे. पण आनंदात माणूस काहीही बोलतो.

सव्वाबाराला दुसरी डबी काढली. वितळलेली. वर मलईचा जाड थर, खाली निळसर पाणी. माझ्या कपाळावर आठी उमटली, पण म्हटलं असेल. कोमट केलं, बाटलीत ओतलं आणि सवयीने नाक जवळ नेलं.

साबण.

चक्क साबणाचा वास.  म्हणजे मी विसळताना चुकलो? मी? सतरा वर्षांत ज्याने दुसऱ्यांच्या टाक्या साबणावरून परत पाठवल्या, तो स्वतःच्या भाचीला साबण पाजायला निघाला होता? दूध सिंकमध्ये ओतलं. पातेलं परत चढवलं, दुसरी बाटली पाच पाण्यांनी विसळून उकळायला टाकली. साहेब आता रीतसर रडायला लागल्या होत्या. एका खांद्यावर त्या, दुसऱ्या हातात चिमटा. दहा मिनिटं काय असतात ते मला त्या दिवशी कळलं.

तिसरी डबी, नवी उकळलेली बाटली. वास घेतला. साबण. या वेळी मला बाटलीचा संशय घ्यायला जागाच नव्हती. म्हणजे दूधच गेलेलं. फ्रीजर मध्येच बंद पडला असणार, वीज गेली असणार, काहीतरी झालं असणार. वर मलई सुटलेली, खाली पाणी, वास भलताच. केंद्रात असा टँकर आला असता तर मी दुसरं वाक्य बोललो नसतो. इथेही नाही बोललो. ओतलं. पांढरी धार जाळीतून खाली गेली आणि मी वरून नळ सोडला.

चौथी डबी उघडून नुसती हुंगली. तेच.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. रडताना मध्येच आवाज बंद व्हायचा आणि नुसतं तोंड उघडं राहायचं, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. घरात पावडरचा डबा नाही. चौथी उघडी, पाचवी फ्रिजमध्ये, दोन्ही माझ्या हिशेबी नासलेल्या. आणि तेवढ्यात फोन वाजला. एक वाजायला पाच मिनिटं होती.

"दादा, आता माझा नंबर," धाकटी म्हणाली. "चढायच्या आधी एकच फोन करू देतात, मग फोन जमा. प्याली का रे?"

साहेब माझ्या कानाशी किंचाळत होत्या. मी एक क्षण डोळे मिटले. एक शब्द बोललो असतो तर ती शिडीवरून मागे फिरली असती, आणि सहा महिने गेले असते, आणि पुढच्या वेळी तिने अर्जही केला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नाही बोललो आणि पोरीला काही झालं तर?

"ही काय, देतोच आहे," मी म्हणालो. "दूध गरम होतंय तोवर धीर नाही तुझ्या लेकीला. तुझ्यावर गेलीय."

 पलीकडे लांबून कुठलंसं यंत्र धडधडत होतं.

"नक्की?"

"अगं चढ ना. मी आहे इथे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

 आता थांबायला वेळ नव्हता. चौथ्या डबीचं झाकण लावलं, पाचवीही उचलली, बर्फाच्या पिशवीसकट झोळीत टाकली, उरलेली निर्जंतुक बाटली झाकण लावून घेतली, साहेबांना छातीशी धरलं आणि जिना उतरलो. मागच्या गल्लीत दवाखाना आहे, तिथे लस टोचणारी नर्स साहेबांना ओळखते. मी चपला उलट्या घातल्या होत्या हे तिथे पोचल्यावर कळलं.

"सिस्टर, दूध नासलंय आणि हिला भूक लागलीय, काय देऊ सांगा," मी एका दमात म्हणालो.

नर्सने आधी साहेबांना घेतलं, जीभ बघितली, पोट दाबलं. "ही ठणठणीत आहे. फक्त चिडलीय. दूध दाखवा."

मी डबी दिली. तिने हुंगली. माझ्याकडे बघितलं. परत हुंगली आणि हसायला लागली. मला इतका राग आला की काय सांगू.

"हसताय काय?"

"मामा, तुम्ही काय करता?"

"दूध तपासतो. टँकरचं."

"गाईम्हशींचं. तरीच." ती म्हणाली. "हे आईचं दूध आहे. काही बायकांच्या दुधात स्निग्धांश मोडणारं पाचक द्रव्य जास्त असतं. फ्रीजरमध्ये राहिलं की साबणासारखा वास येतो. दूध चांगलं आहे. आंबूस, कुजका वास आला असता तर टाकायला सांगितलं असतं. तुमच्या बहिणीने मागच्याच महिन्यात मला हे विचारलं होतं. दोनदा पाजूनही बघितलंय तिने, ही मजेत पिते."

"आणि ती मलई?"

"वर येतेच. डबी हळूच गोल फिरवायची, मिसळते. कधी उघडलीत?"

"अर्धा तास झाला."

"मग कोमट करा नि पाजा. कोमट केल्यावर दोन तासांच्या आत संपवायचं." ती बोलता बोलता गरम पाण्याचा वाडगा पुढे सरकवत होती.

मी हात धुतले. डबी फिरवली. डोळ्यांसमोर दूध एकसारखं झालं, मलई कुठे गेली कळलंही नाही. बाटलीत ओतलं, मनगटावर थेंब टाकले. साहेबांनी बूच तोंडात घेतलं आणि दोन्ही मुठींनी माझं बोट पकडून असं ओढायला लागल्या की बाटलीत बुडबुडे पळायला लागले. मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, समोर लसीचे तक्ते, आणि मला हसू आवरेना. पीत होती. साबण, मलई, सगळ्यासकट पीत होती. माझ्या नाकाला तिने काडीची किंमत दिली नाही.

मग हसता हसता एकदम आठवलं. दोन डब्या मी ओतल्या होत्या.

माझं तोंड पडलेलं नर्सला दिसलं असावं. पाचवी डबी चार वाजता पुरेल, पण संध्याकाळी आईला उशीर झाला तर पावडरचा डबा जवळ असू द्या, असं म्हणाली. येताना औषधांच्या दुकानातून तो घेतला.

चार वाजता पाचवी डबी संपली. सव्वासहाला साहेबांनी परत चुळबुळ सुरू केली, आणि धाकटीचा पत्ता नाही. मी पाणी उकळलं. माझ्या खिशात केंद्रातला थर्मामीटर असतोच. पावडरमध्येही जंतू असू शकतात, म्हणून ती गरम पाण्यातच कालवायची असते, हे डब्यावर लिहिलं होतं आणि मला पटलंही. सत्तरच्या खाली जाऊ दिलं नाही. आधी पाणी, मग पावडर, चमचा सुरीने सपाट करून, डब्यावर सांगितले तेवढेच. मग बाटली नळाखाली धरून गार करत होतो, तेवढ्यात दार उघडलं.

धाकटी दारातच उभी होती. केसांत सिमेंट, हाताला ग्रीस, शर्ट पुढून दुधाने ओला.

"झाले पास," ती म्हणाली. "दादा, झाले मी पास. बादलीभर पाणी क्रेनने उचलून चौकोनात ठेवायचं होतं. मी ठेवलं, तर खाली परीक्षक वाकून बघतोय, सांडलं कुठे म्हणून. सांडलंच नव्हतं."

मी तिला बाटलीसकट मिठी मारली. दोघं भाऊबहीण स्वयंपाकघरात लहान पोरांसारखे उड्या मारत होतो. साहेब बघत होत्या. मग धाकटीने हात धुतले, कपडे बदलले, लेकीला घेऊन खाली भिंतीला टेकून बसली आणि पाजायला लागली. आता घरात चुकचुक आवाज फक्त.

"मला फोनवरच कळलं होतं," ती खाली बघत म्हणाली.

"काय?"

"खोटं बोलत होतास. दूध गरम होईपर्यंतचं रडणं वेगळं असतं तिचं. ते अर्ध्या तासाच्या भुकेचं होतं."

मी हातातली बाटली ओट्यावर ठेवली.

"शिडीपाशी थांबले. सुपरवायझर म्हणाला, ताई, चढताय ना? म्हटलं, दादा आहे तिथे. तो काढेल काहीतरी वाट. आणि चढले."

मला ते सहन होईना. ती असं म्हणत होती आणि मी काय केलं होतं ते माझं मला माहीत. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. वास, मलई, सिंक, नळ. एकही गोष्ट लपवली नाही. दोन डब्या ओतल्या गं, म्हणालो. मी, नाकवाल्याने.

"कुठल्या दोन?"

"मंगळवार. आणि बुधवार."

 ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं आणि वाटलं, फरशी फाटावी.

"बुधवारी तासभर बसले होते," ती म्हणाली. "येतच नव्हतं त्या दिवशी."

"माहीत असतं तर..."

"तुला सांगायला हवं होतं मी वासाचं. घाईत राहिलं." तिने मनगटाने डोळे पुसले. "दादा, सोमवारपासून मला कामावर बोलावलंय. सकाळी सात ते चार. रोजच्या चार डब्या लागतील. साडेसहाला येशील?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आजच्यानंतर? माझ्याकडे ठेवणार हिला?"

"मग कुणाकडे ठेवू?" ती चिडून म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे ठेवली तर मला चढताच येणार नाही."

आणि मी, टँकरच्या ड्रायव्हरांना पळवून लावणारा माणूस, बहिणीसमोर मांडी घालून ढसाढसा रडलो. साहेबांनी पिणं थांबवलं, मान वळवून माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि परत आपल्या कामाला लागल्या.